कमी आवाजाची, अचूक आणि लहान कॅलिबरची रायफल कशी निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरावाला आणि लहान शिकारीला मिळून एकच रायफल घ्यायची आहे. आवाज कमी हवा, नेम पक्का हवा. .२२ घ्यावी, .१७ घ्यावी (हे कॅलिबर, म्हणजे नळीचे माप, इंचाच्या भागांत) की एअर रायफल? सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी, चालेल का? आणि सायलेन्सरशिवाय भागेल का?

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. बोल्ट-ॲक्शनची (दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढून पुढचे काडतूस भरायची) .२२ एलआर, म्हणजे ‘लाँग रायफल’ काडतुसाची, घ्या, नळी ५० ते ६० सेंमीची असू द्या, आणि तिच्यात ध्वनीपेक्षा कमी वेगाचे काडतूस वापरा. दहापैकी आठ जणांना मी हेच सांगतो. उरलेल्या दोघांचे अंतर ३० मीटरच्या आतले असते, त्यांना एअर रायफल पुरते. मात्र खरेदीची सुरुवात रायफलच्या कॅटलॉगपासून करू नका. आवाज आणि अचूकता या दोन्ही गोष्टी रायफलच्या आधी काडतुसावर ठरतात. लोक उलट क्रमाने जातात, पैसे रायफलवर संपवतात आणि मग दुकानात जो डबा समोर दिसेल तो उचलतात.

रायफल उडते तेव्हा एक आवाज होत नाही, तीन होतात. पहिला नळीच्या तोंडाशी होतो: गोळी बाहेर पडते आणि तिच्यामागचा दाबलेला वायू एकदम मोकळा होतो. दुसरा गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जात असेल तर चाबूक फुटल्यासारखा कडाका होतो, आणि तो एका जागी होत नाही. गोळी जिथपर्यंत त्या वेगाने जाते तिथपर्यंत तो तिच्यासोबत चालतो, वाटेतल्या झाडांवर, भिंतींवर, उतारांवर आपटून परत येतो. तिसरा आवाज यंत्रणेचा: बोल्ट, स्प्रिंग, फायरिंग पिन. खरे तर चौथाही असतो, गोळी लागल्याचा. मंद काडतूस वापरायला लागलात की हा चौथा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू येतो आणि नवख्या माणसाला वाटते की रायफलच मोठ्याने वाजली.

यातला दुसरा आवाज कुठल्याही सायलेन्सरने जात नाही, कारण तो नळीच्या बाहेर, गोळीच्या नाकाशी तयार होतो. तो घालवायचा एकच मार्ग: गोळी हळू सोडा.

.२२ एलआर हे काडतूस १८८७ सालचे आहे आणि इतक्या वर्षांत त्याचा गाभा फारसा बदललेला नाही. साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी आणि ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी दारू. बाजारात हे काडतूस ढोबळपणे तीन वेगांत मिळते. ‘हाय व्हेलॉसिटी’ ३७० ते ३९० मीटर प्रति सेकंद, ‘स्टँडर्ड’ आणि ‘सबसॉनिक’ ३१५ ते ३३० च्या आसपास, आणि त्याखाली अगदी मंद काडतुसे, सुमारे २१५ ची. डब्यावर बहुतेक वेळा फूट प्रति सेकंदाचा आकडा असतो: १०५०, १०७०, १०८५ असे काही दिसले की ते मधल्या गटातले समजा, १२०० च्या पुढे गेले की कडाका ठरलेला.

ध्वनीचा वेग मात्र स्थिर नसतो. २० अंश सेल्सियसला तो ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, शून्य अंशाला ३३१. प्रत्येक अंशामागे साधारण ०.६ मीटरचा फरक पडतो. म्हणजे १०८५ फुटांचे, ३३० मीटरचे काडतूस दुपारी गप्प असते आणि थंडीच्या पहाटे मधूनच कडाडते. मधूनच का, तर एकाच डब्यातल्या काडतुसांचा वेगही थोडा मागेपुढे असतो. चार मंद निघतात, पाचवे सीमा ओलांडते. रायफल बिघडली असे वाटून लोक ती माझ्याकडे घेऊन येतात. रायफलला काही झालेले नसते. थंड हवेत शिकार करणार असाल तर १०५० च्या आसपासचे काडतूस निवडा, विषय संपतो.

आता या सगळ्यातली आनंदाची बाब. मंद काडतूस घेतले म्हणजे अचूकतेत तडजोड करावी लागते असा अनेकांचा समज असतो. .२२ च्या बाबतीत उलटे आहे. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि तिथली मॅच (स्पर्धेची) काडतुसे याच स्टँडर्ड वेगाची असतात. जगातले सर्वांत अचूक .२२ काडतूस आवाजालाही सौम्यच असते.

याचे कारण हवेत आहे. गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास असते तेव्हा हवेचा विरोध एकदम चढतो आणि गोळी डळमळते. ३८० ने निघालेली गोळी हा टप्पा लक्ष्याकडे जातानाच ओलांडते. ३२५ ने निघालेली त्याच्या खालीच राहते. वाऱ्याचेही तसेच. वारा गोळीला किती ढकलेल हे ती किती वेळ हवेत होती यापेक्षा हवेने तिला किती उशीर केला यावर ठरते. वेगवान गोळी हवेत जास्त वेग गमावते, म्हणून तिचा उशीरही जास्त. परिणामी १०० मीटरवर आडव्या वाऱ्यात हाय व्हेलॉसिटी गोळी स्टँडर्ड गोळीपेक्षा जास्त भरकटते. हे ऐकून जुने शिकारीसुद्धा मान हलवतात, पण वाऱ्याच्या दिवशी दोन्ही डबे घेऊन मैदानात गेलात की कागदच सांगतो. हाय व्हेलॉसिटीचा खरा फायदा दोनच ठिकाणी: मार्ग थोडा सपाट राहतो आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल नीट चालते.

नळीच्या लांबीबद्दल. .२२ मधली इवलीशी दारू ४० ते ५० सेंमीत आपले काम उरकते. त्यापुढे नळी वाढवली तर वेग वाढत नाही, कधीकधी घर्षणाने थोडा कमीच होतो. पण वायू पसरायला जागा मिळते, तोंडाशी येईपर्यंत त्याचा दाब उतरतो आणि आवाज मऊ होतो. म्हणून सायलेन्सर वापरता येत नसेल तर ५० ते ६० सेंमीची नळी घ्या. ६५ सेंमीची स्पर्धेची नळी आणखी शांत, पण झुडपांतून फिरताना ती सारखी अडकते. सायलेन्सरची कायदेशीर परवानगी असेल तर ४० ते ४५ सेंमी पुरे, कारण पुढे आणखी १५ सेंमी जोडले जाणारच आहेत. जाड नळी की बारीक, हा प्रश्न .२२ मध्ये लोक उगाच ताणतात. इतक्या कमी दारूने नळी फार तापत नाही. जाड नळी वजनामुळे स्थिर वाटते, एवढेच. दिवसभर खांद्यावर वागवायची असेल तर बारीक घ्या.

बोल्ट-ॲक्शनचा आग्रह का? सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटली की लगेच बोल्ट मागे येतो, थोडा वायू कानाजवळच बाहेर पडतो आणि धातूवर धातू आपटतो. बोल्ट-ॲक्शन तुम्ही हात लावेपर्यंत बंद राहते. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक यंत्रणा चालवायला काडतुसात पुरेसा जोर लागतो. मंद काडतुसे काही रायफलींत व्यवस्थित चालतात, काहींत अडकतात, आणि अगदी मंद काडतुसांनी तर बोल्ट पुरता मागेच येत नाही. १९६४ पासून बनणारी रुगर १०/२२ ही उत्तम रायफल आहे, तिच्यावर लाखो लोक नेमबाजी शिकले आहेत. पण तुमच्या प्रश्नात ‘शांत’ आणि ‘अचूक’ हे दोन शब्द आहेत, ‘भराभर’ हा शब्द नाही. शिकणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट: दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागला की माणूस थांबतो, श्वास घेतो, पुन्हा मांडणी करतो. मॅगझिन भरून धडाधड उडवण्यात काडतुसे संपतात आणि शिकणे होत नाही.

सायलेन्सर. आधी कायदा: काही देशांत तो पूर्ण बंद, काही ठिकाणी परवान्यावर, तर फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत शिकाऱ्याच्या रायफलवर तो नेहमीची वस्तू. तुमच्याकडचा नियम लेखी पाहा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घरी बनवण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. बहुतेक ठिकाणी तो गंभीर गुन्हा आहे. कायद्याने चालत असेल तर .२२ वर चांगला सायलेन्सर २० डेसिबलहून अधिक फरक पाडतो आणि मंद काडतुसासोबत फायरिंग पिनचा टक् आवाज ऐकू येऊ लागतो. विकत घेताना नळीच्या तोंडावरचे आटे कारखान्यातून आलेले असावेत. आटे तिरके असतील तर गोळी आतल्या पडद्याला घासून जाते. आधी अचूकता जाते आणि मग सायलेन्सर. आट्यांचे मापही तपासा, .२२ मध्ये ½×२८ आणि ½×२० अशी दोन मापे नेहमी भेटतात आणि ती एकमेकांवर बसत नाहीत.

परवानगी नसेल तरी निराश व्हायचे कारण नाही. ६० सेंमीची नळी आणि सबसॉनिक काडतूस यांचा आवाज काहीशे मीटरवरच्या माणसाला बंदुकीचा म्हणून ओळखूही येत नाही, विशेषतः मोकळ्या जागेत. मात्र उडवणाऱ्याच्या कानांचा हिशेब वेगळा. लांब नळीच्या .२२ चा आवाजही कानाशी १४० डेसिबलच्या आसपास पोचू शकतो, आणि अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्या माणसाची धोक्याची रेषा १४० लाच धरतात. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० ठेवली आहे. तेव्हा ‘अरे, ही तर पॉइंट टू-टू’ असे म्हणत कान उघडे ठेवू नका. छपराखालच्या रेंजवर तर नाहीच. मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजून मला आकडे पाठवणारे बरेच आहेत. मोबाइलचा माइक इतका तीव्र आणि क्षणाचा आवाज पकडूच शकत नाही, त्यामुळे सगळ्या बंदुका त्याला सारख्याच वाटतात. खरा अंदाज हवा असेल तर दुसऱ्याला उडवायला सांगा आणि आपण त्याच्या मागे, बाजूला, बऱ्याच अंतरावर उभे राहून ऐका.

.१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम यांचे पटकन सांगतो. .१७ एचएमआर २००२ मध्ये आले. १७ ग्रेनची चिमुकली गोळी ७७० मीटर प्रति सेकंदाहून जास्त वेगाने. १५० मीटरपर्यंत मार्ग सुरेख सपाट, अचूकता देखणी. पण ते ध्वनीच्या दुप्पट वेगाचे काडतूस आहे, शांत होण्याचा प्रश्नच येत नाही. .२२ मॅग्नम १९५९ चे, जोरदार आणि तितकेच बोलके. शिवाय दोन्हींची काडतुसे .२२ एलआरच्या साध्या सरावाच्या काडतुसांपेक्षा बरीच महाग, म्हणजे सराव आपोआप कमी होतो. तुम्हाला १०० मीटरच्या पुढे जायचे असते तर मी वेगळे बोललो असतो.

एअर रायफलवर मात्र थांबायला हवे. जवळच्या अंतरासाठी ती बहुतेक वेळा .२२ पेक्षा योग्य असते. ४.५ मिमी आणि ५.५ मिमी ही दोन मापे. कागदावरच्या सरावाला ४.५, शिकारीला ५.५. स्प्रिंगची रायफल स्वस्त, स्वयंपूर्ण, पण तिला धक्का दोन्ही दिशांना असतो: जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल आधी मागे आणि तो थांबला की पुढे ढकलली जाते, आणि पेलेट (एअर रायफलची गोळी) अजून नळीतच असते. त्यामुळे ती कशी धरली आहे यावर नेम बदलतो. घट्ट आवळून धरणाऱ्याला ती कधीच साथ देत नाही, सैल आणि दर वेळी अगदी सारखी धरावी लागते. तिचा आवाज उडवणाऱ्याला गालाच्या हाडातून मोठा ऐकू येतो, बाहेरच्यांना तितका नाही. पीसीपी, म्हणजे आधीच दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल, जवळजवळ धक्क्याशिवाय उडते आणि फार अचूक असते. पण २०० ते ३०० बारची हवा भरायला पंप किंवा सिलिंडर लागतो, आणि तो खर्च लोक हिशेबात धरत नाहीत. जोराबद्दल स्पष्ट राहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवायच्या एअर रायफलची मर्यादा सुमारे १६ जूल (ऊर्जेचे माप) आहे, जर्मनीत ७.५. त्याउलट स्टँडर्ड .२२ ची गोळी नळीतून १३५ जूलच्या आसपास घेऊन निघते. १६ जूलने सशाच्या डोक्यावर ३० मीटरपर्यंत काम होते. ५० मीटरवर तसा प्रयत्न करणे जनावरावर अन्याय आहे.

मधला मार्ग म्हणून २१५ मीटर प्रति सेकंदाची अगदी मंद .२२ काडतुसे लोकांना मोह घालतात. सीसीआय कंपनीचे ‘क्वायट’ या गटातले. आवाज खरोखरच एअर रायफलच्या जवळ जातो. नवशिक्याला पहिल्या दिवशी द्यायला छान, कारण दचकण्याची सवयच लागत नाही. पण जोर ६० जूलपर्यंत उतरतो आणि गोळीचा मार्ग इतका वाकतो की ५० मीटरला जुळवलेला स्कोप निरुपयोगी होतो. आणि एक सूचना ठळक: बिनदारूची, नुसत्या प्रायमरवर (आघाताने पेटणाऱ्या मसाल्यावर) चालणारी काडतुसे लांब नळीत वापरू नका. गोळी नळीतच अडकू शकते. आवाज नेहमीपेक्षा वेगळा, फुसका आला आणि कागदावर भोक दिसले नाही, तर लगेच थांबा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडा वेळ जाऊ द्या, बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी सोडली की नळी फुगते किंवा फाटते.

आता अचूकता. ‘ही रायफल किती अचूक आहे?’ याला एकटे उत्तर नसते. ‘या काडतुसासोबत किती?’ असे विचारायचे. .२२ च्या बाबतीत हे मोठ्या कॅलिबरपेक्षा जास्त खरे आहे, कारण इथे काडतूस घरी स्वतःच्या मापाने भरता येत नाही. कारखान्याने जे दिले ते दिले. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांतही लॉट (एका वेळच्या उत्पादनाची खेप) बदलला की गट, म्हणजे कागदावर गोळ्यांचा पडलेला पुंजका, बदलतो. सीसीआय स्टँडर्ड, एसके, एली, लापुआ अशा चार-पाच प्रकारांचे दोन दोन डबे आणा. वारा नसताना, टेबलावर पिशवीचा आधार घेऊन, ५० मीटरवर प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे पाच गट काढा आणि पाचांची सरासरी धरा. एक सुंदर गट कापून पाकिटात ठेवणारे नेमबाज मी भरपूर पाहिले आहेत. तीन गोळ्यांचा एक गट नशिबाबद्दल सांगतो, रायफलबद्दल नाही. काडतूस बदलल्यावर पहिल्या १०-१५ गोळ्या मोजू नका. नळीत आधीच्या काडतुसाचे वंगण असते, ते बदलायला तेवढा वेळ लागतो.

अपेक्षा काय ठेवायची? एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, ५० मीटरवर १४.५ मिमी होतो. कारखान्यातून आलेली चांगली शिकारी रायफल, तिला आवडलेल्या काडतुसासोबत, पाच गोळ्या १५ ते २० मिमीत टाकते. स्पर्धेची रायफल निवडक लॉटसोबत १० च्या आसपास आणि खाली. तुमच्या कामाला २० मिमी उत्तम आहे. त्याखालच्या प्रत्येक मिलिमीटरला किंमत चढत जाते आणि मैदानात, गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना तो मिलिमीटर कुणाला दिसत नाही.

आता काही नावे सांगतो. झेक प्रजासत्ताकातली सीझेड ४५७ ही या कामाची माझी पहिली निवड: चाप चांगला, नळी बदलता येते, बोल्ट ६० अंशात उघडतो, त्यामुळे स्कोपखाली बोटे अडकत नाहीत. फिनलंडची टिक्का टी१एक्स तितकीच भरवशाची आणि यंत्रणा लोण्यासारखी चालते. जर्मनीतल्या उल्म शहरातली आन्शुट्झ ६४ आणि ५४ यंत्रणेच्या रायफली बनवते. ५४ ही अनेक दशके स्पर्धेतला मापदंड राहिली आहे. आन्शुट्झ जुनी मिळाली, नळी चांगली असली, तर इतर कुठल्याही नव्या रायफलकडे पाहू नका. कमी खर्चात सॅव्हेज मार्क टू बरी. यातली कुठलीही घ्या, फरक तुमच्या हाताच्या फरकापेक्षा लहान आहे.

चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीकडे, मात्र लक्ष द्या. काही मॉडेलमध्ये ‘मॅच चेंबर’ असतो: काडतूस बसवताना गोळीचे टोक नळीच्या चरांत रुतते. अचूकतेला ते पोषक. पण शिकारीत तुम्ही अनेकदा न उडवताच काडतूस बाहेर काढता, आणि घट्ट चेंबरमध्ये कधी गोळी तिथेच राहते, नुसते पितळी कवच बाहेर येते आणि दारू यंत्रणेत सांडते. दोन्ही कामांना एकच रायफल असेल तर साधा स्पोर्टर चेंबर बरा.

चाप १ ते १.५ किलोच्या जोराने, न रेंगाळता स्वच्छ सुटणारा हवा. जड, ओढत जाणारा चाप नवशिक्याला झटका द्यायला शिकवतो. दस्त्याची लांबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. दस्ता खांद्याला लावून डोळे मिटा, गाल ठेवा, डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान पुढे किंवा वर ताणावी लागत असेल तर दस्ता तुमचा नाही. शिकणारा किशोरवयीन असेल तर मागे पट्ट्या जोडून लांबी वाढवता येणारा दस्ता घ्या. मंद गोळी नळीत जास्त वेळ असते, त्यामुळे चाप ओढल्यावर डोके वर काढणाऱ्याला ती लगेच पकडते. सरावाची रायफल म्हणून .२२ ची हीच मोठी देणगी: चाप ओढून झाल्यावरही नेम धरून ठेवायची सवय ती लावते, आणि ती मोठ्या रायफलवर तशीच उपयोगी पडते.

स्कोप घेताना पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलल्यावर फुली लक्ष्यावरून सरकणे, पाहा. मोठ्या रायफलींसाठीचे साधे स्कोप १०० मीटरच्या आसपास जुळवलेले असतात. २५ मीटरवर डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावर सरकते आणि माणूस रायफलला दोष देतो. खास रिमफायरचे (.२२ सारख्या, कडेवर पिन आपटणाऱ्या काडतुसांच्या रायफलींचे) स्कोप ५० च्या आसपास जुळवलेले असतात. पॅरॅलॅक्स १० ते १५ मीटरपासून बदलता येणारा घेतलात तर उत्तमच. ३ ते ९ पट मोठे दाखवणारा पुरतो. स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र तिच्यासाठी बनवलेलाच स्कोप लावा. तो उलटसुलट धक्का भल्याभल्या महागड्या स्कोपची आतली भिंगे सैल करतो.

शिकारीकडे वळू. कुठे काय मारायला परवानगी आहे, कुठे शिकारच बंद आहे, हे आधी पाहा. शिकार बंद असेल तर ही रायफल फक्त कागद आणि लोखंडी लक्ष्यांसाठी, आणि तिथेही ती आयुष्यभर पुरते. परवानगी असेल तर ससा, खार, शेतीचे नुकसान करणारे उंदीर-घुशींसारखे कृंतक एवढेच तिचे क्षेत्र. हरिण, रानडुक्कर यांच्यावर .२२ उचलायची नाही, कितीही जवळ असले तरी.

३२५ मीटर प्रति सेकंदाच्या काडतुसाला ५० मीटरवर स्कोप जुळवला तर २५ मीटरला गोळी साधारण एक सेंमी वर लागते, ७५ ला सुमारे ८ सेंमी खाली, आणि १०० ला २० ते २५ सेंमी खाली. म्हणजे ५५ मीटरपर्यंत थेट नेम चालतो. त्यापुढे अंतर चुकले की सगळे चुकते: ७५ समजून उडवले आणि ते ८५ निघाले, तर गोळी आणखी ५ सेंमी खाली जाते. सशाच्या डोक्यातला कामाचा भाग जेमतेम ३ सेंमीचा. म्हणून स्कोपवर थोडे कमी आणि लेसरच्या अंतरमापकावर थोडे जास्त खर्च करा असे मी सुचवतो. तुमची स्वतःची मर्यादा काढायची सोपी रीत अशी: ३ सेंमीची वर्तुळे काढा आणि शिकारीत जसे बसाल तसे, टेबलाशिवाय, दहा गोळ्या उडवा. ज्या अंतरावर दहाही आत जातात ते तुमचे अंतर. बहुतेकांचे ते ४० मीटरच्या आत निघते आणि ते ऐकून चेहरे उतरतात.

शिकारीला पोकळ टोकाची सबसॉनिक गोळी वापरा, सरावाला साधी गोल टोकाची. या वेगात पोकळ टोक दर वेळी उमलेलच असे नाही, त्यामुळे जागा चुकली तर गोळीचा प्रकार वाचवणार नाही. दोन्ही काडतुसे एकाच ठिकाणी लागतील हेही गृहीत धरू नका, दोघांचा फरक कागदावर मोजून दस्त्याला चिकटवा. आणि मागे काय आहे ते बघितल्याशिवाय चाप नाही. लहान म्हणून हिणवली जाणारी ही गोळी दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते, आणि मंद, गुळगुळीत शिशाची असल्याने दगडावरून, कडक जमिनीवरून, पाण्यावरून ती फार सहज उसळते. आवाज नाही म्हणून बेफिकिरी येते, ती शांत रायफलची खरी जोखीम आहे. मागे मातीचा बांध हवा, किंवा उंचावरून खाली, मऊ जमिनीकडे नेम.

जुनी रायफल घेत असाल तर तीन गोष्टी बघा. नळीच्या तोंडाची कड: नखाने फिरवून पाहा, खरचटलेली, दबलेली नको. चेंबरच्या काठावर फायरिंग पिनचा खड्डा: रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, आणि काही रायफलींत रिकामा चाप ओढला की ती थेट नळीच्या काठावर बसते. खड्डा असेल तर काडतूस नीट बसत नाही, निघतही नाही. आणि नळीचा आतला भाग, विशेषतः चेंबरच्या लगेच पुढे. तिथे काजळीचे कडक कडे जमते. ते साफ होते, गंज मात्र जात नाही. एरवी .२२ ची नळी फार घासू नका. चुकीच्या बाजूने, धातूच्या जोडकाडीने घासून जितक्या नळ्या गेल्या तितक्या गोळ्यांनी गेल्या नसतील. गट पसरायला लागला की चेंबरकडून कापड ओढा, एरवी यंत्रणा पुसा, शिशे हाताला लागते म्हणून खाण्याआधी हात धुवा.

आणि त्या चार-पाच प्रकारांतला एक जमला की डब्यावरचा लॉट नंबर टिपून त्याच आठवड्यात दुकानात जा आणि परवान्यात बसतील तितके त्याच लॉटचे डबे उचला. पुढच्या महिन्यात नाव तेच असेल, लॉट दुसरा असेल, आणि पुन्हा पाच गटांपासून सुरुवात करावी लागेल.